मांडणी उचलणारं परकं माणूस

दोन्या कासिल्दाच्या घरी राहायला आलेला माणूस चौथ्या दिवशी रडतो. पहिले तीन दिवस नव्या नवलाईत निघून जातात. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात पाव मागताना जीभ अडखळते, रांगेतली एखादी बाई हसते, आणि संध्याकाळी ताटासमोर बसल्यावर डोळे भरून येतात. हे ठाऊक असल्यामुळे चौथ्या दिवशी कासिल्दा नव्या पाहुण्यापुढे अर्धा किलो कांदे आणि सुरी ठेवते. "हे चिर जरा," म्हणते, आणि पाठ फिरवून शेंगदाण्याचं सूप ढवळत राहते. एकोणीस वर्षांत एकेचाळीस जण तिच्या स्वयंपाकघरात कांदे चिरून गेले.

हे सगळे धर्मकार्यासाठी आलेले परदेशी. कोचाबांबातल्या भाषाशाळेत सहा महिने स्पॅनिश शिकायचं, मग कोणी खाणींच्या गावांना जायचं, कोणी खाली जंगलाकडे. शाळा त्यांना आपल्या मंडळीतल्या, म्हणजे आपल्याच प्रोटेस्टंट चर्चच्या, घरांमध्ये ठेवते. घरच्या बाईला त्यांनी 'आई' म्हणायचं. ताटावर बसल्यावर दुसरी भाषा बोलायची नाही. दर रविवारी विद्यार्थ्याने घराविषयी एक पान लिहायचं, आईने ते लाल पेन्सिलीने सुधारून खाली सही करायची, आणि सोमवारी ते वर्गात मोठ्याने वाचायचं. कासिल्दाची पेन्सिल शाळेत प्रसिद्ध होती. तिच्या घरून आलेल्या पानात चूक सापडत नाही, असं शाळेच्या व्यवस्थापक सेन्योरा नोर्का नव्या घरांना सांगत.

बेचाळिसावी आली ती ऑगस्टमध्ये. ह्येरान, कोरियाची, वय चौतीस. तिच्या नावातला पहिला 'ह' कासिल्दाला शेवटपर्यंत जमला नाही. ती तिला एरान म्हणायची, नाहीतर नुसतं पोरी. पोरगी कमी बोलायची. पलंगावरची गादी काढून जमिनीवर झोपायची. लोकोतो मिरचीची चटणी, जिला बाकीचे पाहुणे हातही लावत नसत, ती चमच्याने खायची. चौथ्या दिवशी तिने सगळे कांदे चिरले, एकसारखे, बारीक, आणि रडली नाही. कासिल्दाला वाटलं, ही बाई आधीच रडून आलेली दिसते.

घरात तीन खोल्या होत्या. एक कासिल्दाची, एक पाहुण्याची. मागच्या अंगणाकडची तिसरी बंद असायची. ह्येरानने एकदा विचारलं तेव्हा कासिल्दा म्हणाली, "सामान आहे."

सामान होतं ते लिंबर्टचं. तिचा एकुलता एक मुलगा. विमानतळाच्या रस्त्यावर शेअर टॅक्सी चालवायचा. फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या मंगळवारी, पिऊन गाडी घेऊन निघाला आणि पुलाच्या कठड्यावर आदळला. गाडीत तो एकटाच होता, असं लोक समाधानाने सांगत. सव्वीस वर्षांचा होता. अंत्यविधीला पास्टर अब्दोन वीस मिनिटं बोलले. दारूविषयी बोलले, जिवंत माणसांना अजून वेळ आहे त्याविषयी बोलले. मेलेल्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. मेणबत्ती लावली नाही, कारण मंडळीत मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावत नाहीत. शाळेने सहा महिने पाहुणा पाठवला नाही आणि मग पाठवला. पाहुण्यांना घरातलं दुःख सांगू नये, त्यांचं मन अभ्यासातून उडतं, असं सेन्योरा नोर्कांनी सुचवलं. कासिल्दाला ते पटलं होतं.

कासिल्दा आणि तिचा नवरा तेओफिलो बावीस वर्षांपूर्वी मंडळीत आले. त्याची दारू तिथे सुटली, ती पुन्हा लागली नाही. त्याच वर्षापासून त्यांच्या घरी सर्व संतांच्या दिवशी मांडणी बंद झाली. गल्लीत बाकी सगळ्या घरांत नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी बाराला मृतासाठी मेज मांडायचे: काळं कापड, उसाचे दांडे, पावाची शिडी, पावाची बाळं, माणसाला आवडायचं ते सगळं. दुसऱ्या दिवशी बाराला आत्मा परत निघतो. तोवर शेजारीपाजारी येतात, प्रार्थना म्हणतात, पाव घेऊन जातात. मृत्यूनंतर तीन वर्षं हे करायचं. कासिल्दाने खिडकीचे पडदे ओढून घ्यायला सुरुवात केली. तेओफिलो वारला तेव्हाही मांडणी केली नाही. तसं त्याने स्वतःच सांगून ठेवलं होतं.

पण लिंबर्टचं तसं नव्हतं. सात-आठ वर्षांचा असताना तो चोरून घरोघर जायचा, दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी घाईघाईने प्रार्थना म्हणायचा आणि शर्टात पावाची बाळं भरून आणायचा. बापाने पट्ट्याने मारलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा गेला. मोठेपणी एकदा दारूच्या नशेत दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला होता, "मी गल्लीतल्या सगळ्यांसाठी प्रार्थना म्हटली गं आई. माझ्यासाठी कोण मांडणार? तू तर मांडणार नाहीस."

"अभद्र बोलू नकोस. जेवून घे," ती म्हणाली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी शाळेची सहल ठरली. शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी परतायचं. शुक्रवारी पहिली तारीख होती. कासिल्दाने मनाशी ठरवून टाकलं. मागच्या खोलीत मांडायचं, दार लावून. रविवारपर्यंत घर धुऊन पुसून लख्ख.

बाजारातून पाव आणले, ऊस आणला. एकच गोष्ट राहिली. लिंबर्टला आवडायची ती चिचा, मका आंबवून केलेली दारू. ती मिळायची समोर, प्रिमितीवाच्या घरी, जिच्या दारावर चिचा विकायला असल्याचं पांढरं निशाण लटकत असायचं. बावीस वर्षांत कासिल्दाने तो उंबरठा ओलांडला नव्हता.

प्रिमितीवा बाकावर बसून भांडी घासत होती. "अगंबाई! भगिनीबाई? वाट चुकलात का? तुमचं प्रार्थनाघर त्या तिकडं."

"दोन बाटल्या दे, प्रिमितीवा."

"तुम्हाला? पाळकबुवांना पाहुणचार करताय वाटतं."

कासिल्दा उभीच राहिली. प्रिमितीवाने तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. उसाचे शेंडे वर आले होते. तिने हात पुसले.

"लिंबर्टसाठी होय?" मग बाकावर हात ठेवून, "शेवटचा इथंच बसला होता पोरगा. याच बाकावर. मी म्हटलं होतं त्याला, गाडी ठेव, झोप इथं. ऐकलं नाही."

हे कासिल्दाला माहीत नव्हतं. ती बाकाकडे पाहत राहिली. साधा लाकडी बाक, एका पायाखाली वीट.

प्रिमितीवाने बाटल्या भरल्या. कासिल्दा म्हणाली, "शनिवारी दुपारी येशील? उचलायला कोणीतरी लागेल."

मांडणी घरच्यांनी उचलायची नसते. आत्मा निघून गेल्यावर मेजाला परक्या माणसानेच हात लावायचा. घरच्या माणसाने उचलली तर पुढच्या वर्षी त्या घरातलं आणखी एक माणूस जातं. या गोष्टीवर गल्लीत कोणी वाद घालत नाही.

"माझा नवरा गेला तेव्हा मी तीन वर्षं मांडलं," प्रिमितीवा म्हणाली. "तुझं दार माझ्या दारासमोर. तीन वर्षं तू पडदा ओढून बसलीस. एक प्रार्थना नाही, एक पाव नाही. आत बसून तुम्ही गाणी म्हणत होतात, मला ऐकू येत होती." तिने बाटल्यांना बुचं लावली. "चिचा घेऊन जा. पैसे नकोत. पण मी नाही येणार."

शुक्रवारी बाराच्या घंटा झाल्या तेव्हा मांडणी तयार होती. काळं कापड, त्यावर लिंबर्टचा लायसन्सवरचा फोटो मोठा करून, पावाची शिडी, दोन पावाची बाळं, बटाटे आणि तळलेलं डुकराचं मांस, चिचा, गाडीची किल्ली. कासिल्दा खुर्चीवर बसली. प्रार्थना तिनेच म्हटली, पण आईची प्रार्थना मोजत नाहीत. ती तर म्हणणारच.

एकच्या सुमारास पुढचं दार वाजलं. शेतकऱ्यांनी रस्ता अडवला होता, दगड टाकून, आणि सहलीची बस साकाबा गावाच्या पुढून परत फिरली होती. ह्येरान पिशवी घेऊन आत आली, तळणीच्या वासामागे स्वयंपाकघरात गेली, तिथे कोणी नाही म्हणून मागे आली. आणि बंद खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं.

ती उंबऱ्यावर थांबली. फोटो, फळं, दारूचा पेला, ताट. तिने सगळं एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं. समजावून सांगायची गरज पडली नाही.

"हे आमच्याकडे पण आहे," ती म्हणाली. "नाशपाती इथे. मासा तिथे. दारू मध्ये." मग विचारलं, "कोण?"

"माझा मुलगा."

"तुम्हाला मुलगा होता?"

"होता."

ह्येरान आत आली नाही. कासिल्दा उठून तिच्यापाशी गेली. "पोरी, एक काम कर. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढंच म्हण. तुला येतं, मीच शिकवलंय. परक्याच्या तोंडून एकदा ऐकू जाऊ दे त्याला."

"नाही, आई."

"शाळेत सांगू नकोस. मी पण नाही सांगणार."

"शाळा नाही." ह्येरान शब्द जुळवत राहिली. घाई झाली की तिचं बोलणं विस्कटायचं, म्हणून ती सावकाश बोलायची. "माझे वडील वारले. मोठ्या भावाने असं मेज मांडलं. सगळे वाकले. मी ख्रिस्ती, मी नाही वाकले. भाऊ म्हणाला, वाक नाहीतर जा. मी गेले. आई दारात उभी होती. ती नाही बोलली. सहा वर्षं झाली." तिने फोटोकडे पाहिलं. "माझ्या वडिलांसाठी नाही केलं. तुमच्या मुलासाठी कसं करू?"

 कासिल्दा परत खुर्चीवर बसली. ह्येरानने पिशवी आपल्या खोलीत ठेवली, आणि थोड्या वेळाने येऊन उंबऱ्याबाहेर, बोळात, भिंतीला टेकून बसली. अंधार पडेपर्यंत बसली. ओठ हलले नाहीत. कासिल्दा मधून मधून पाहत होती.

शनिवारी बाराच्या घंटा झाल्या. गल्लीतली माणसं एकमेकांच्या घरांत शिरली, ताटं उचलली गेली, हसण्याचे, पेल्यांचे आवाज आले. सगळे चिचा पिऊन मोकळे झाले. कासिल्दा मांडीवर हात ठेवून बसली होती. एक वाजला. दोन वाजले. पावाच्या बाळांवर माश्या बसू लागल्या. आत्मा निघून गेलेलं मेज तसंच ठेवू नये, हेही तिला माहीत होतं.

अडीच वाजता ह्येरान एप्रन बांधून, बादली घेऊन दारात आली. "भांडी धुवायची आहेत?"

"आहेत. पण मला हात लावता येत नाही. घरच्यांनी लावायचा नसतो."

"मी घरची नाही, आई."

तीन महिने कासिल्दा तिला रोज शिकवत होती की तू घरची आहेस, मागितल्याशिवाय घे, विचारल्याशिवाय उघड. आता ती बाजूला सरकली.

ह्येरानने ताटं उचलली. चिचा अंगणातल्या मातीत ओतली. किल्ली पुसून कासिल्दाच्या हातात दिली. पाव हातात घेऊन ती अडली.

"उचलतो त्याचे असतात ते," कासिल्दा म्हणाली.

"मी खाणार नाही."

"बरं."

पाव ह्येरानने पिशवीत बांधून चौकातल्या बाकावर ठेवले. रविवारी सकाळी दोघी प्रार्थनाघराला निघाल्या तेव्हा पिशवी तिथे नव्हती. कोणी नेली कळलं नाही. पास्टर अब्दोन त्या दिवशी मृतांसाठी पाव भाजणाऱ्या लोकांविषयीच बोलले. दरवर्षी त्या रविवारी तेच बोलायचे. कासिल्दा नेहमीच्या जागी, तिसऱ्या रांगेत बसली होती.

संध्याकाळी ह्येरान वही घेऊन स्वयंपाकघरात आली. त्या आठवड्याचा विषय होता 'माझ्या घरातला एक सण'. तिने वही टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

"मी लिहिलं. मला खोटं लिहिता येत नाही. तुम्ही वाचा. नको म्हणालात तर फाडते. उद्या सांगेन, डोकं दुखत होतं."

"ते खोटं नाही का?"

"लहान खोटं."

कासिल्दाने चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं. पान भरून लिहिलं होतं. 'या घरात एक मुलगा होता. त्याचं नाव लिंबर्ट. मी तीन महिने त्याच्या भिंतीला लागून झोपले आणि मला कोणी सांगितलं नाही. शुक्रवारी त्याच्या आईने त्याला जेवायला वाढलं. मी प्रार्थना केली नाही. शनिवारी मी भांडी धुतली.' असं पुढे आणखी.

हे सोमवारी वर्गात मोठ्याने वाचलं जाणार होतं. काय काय होईल हे कासिल्दाला नीट कळत होतं. तिसरी रांग जाईल. पाहुणे जातील. एकोणीस वर्षं ज्या कामावर घर चाललं, ते जाईल. फक्त नको म्हणायचं होतं, आणि पोरगी पान फाडायला तयार बसली होती.

ती पहिल्या ओळीपाशी परत गेली. फेब्रुवारीपासून हे नाव कोणी लिहिलं नव्हतं. कबरीवर अजून नुसतं सिमेंट होतं, नावाची फरशी नव्हती. तिने चुका सुधारल्या, नेहमीसारख्या, एकही न सोडता. मग लिंबर्टच्या नावापुढे समासात लाल अक्षरांत आडनावांसकट लिहिलं: क्लारोस ओरेयाना, वय सव्वीस, ड्रायव्हर. खाली सही केली.

"स्वच्छ उतरवून काढ," ती म्हणाली. "आणि सावकाश वाच. घाई केलीस की शब्द खातेस तू."

मंगळवारी सेन्योरा नोर्का आल्या. बसल्या नाहीत. "अहो दोन्या कासिल्दा, फाडायचं होतं ना ते! मी काय घरात डोकावायला आले असते? आणि वर सही! भरवर्गात वाचलं तिने, दहा देशांची माणसं बसलेली. मी आता काय करू?"

"तुम्ही काय करणार, सेन्योरा. नियम आहे."

"चेष्टा करताय?"

"नाही हो."

बुधवारी पास्टर अब्दोन आले. ते बसले, सूपही प्यायले. माणूस वाईट नव्हता. तेओफिलोच्या आजारपणात हेच रात्री जागले होते. मंडळीपुढे उभं राहून चूक झाली एवढं म्हणायचं, ते म्हणाले, सहा महिने मागे बसायचं, मग सगळं पूर्ववत.

"काय चूक झाली म्हणू?"

"ते मेज मांडलं ते."

"त्याला जेवायला वाढलं ते चुकलं, असं म्हणायचं."

"दोन्या कासिल्दा, तो तिथे नव्हता. तुम्हाला माहीत आहे."

"मग चुकलं कोणाचं काय?" ती म्हणाली, आणि त्यांची वाटी उचलून नेली.

गुरुवारी ह्येरानला दुसऱ्या घरी हलवलं. गादी तिने पलंगावर परत घातली होती, चादर ताणून. दारात ती म्हणाली, "मी वाचलं नसतं तर..."

"चांगलं वाचलंस का?"

"एकही चूक नाही."

"मग झालं."

मार्चमध्ये ती खाणींकडे, पोतोसीच्या बाजूला कामावर गेली असं कोणीतरी सांगितलं. पत्र आलं नाही. बहुतेकांचं एक तरी येतं.

कासिल्दा आता लोकांचे कपडे इस्त्री करते. पुढच्या नोव्हेंबरात तिने मांडणी पुढच्या खोलीत केली, दार रस्त्याकडे सताड उघडं ठेवून. पडदे काढून टाकले होते, मेणबत्त्या लावल्या होत्या. या वेळी पहिली तारीख शनिवारी आली होती. दुपारनंतर गल्लीतली पोरं आली, एका दमात प्रार्थना म्हणून पावाची बाळं घेऊन पळाली. त्यांना घराघरातली भांडणं माहीत नसतात. मोठं कोणी आलं नाही. मंडळीतले येणारच नव्हते. गल्लीतल्यांचं तिच्याकडे बावीस वर्षांचं येणं बाकी होतं. ते एका उघड्या दाराने फिटत नाही.

रविवारी बाराच्या घंटा झाल्या. ती मांडीवर हात ठेवून बसली. शेजारच्या घरांत ताटं उचलल्याचे आवाज आले. समोर प्रिमितीवा पांढऱ्या निशाणाखाली उभी होती. तिला उघड्या दारातून सगळं दिसत होतं. तीन वाजले. प्रिमितीवा आत गेली. पाच वाजले. सोमवारी सकाळी उसाच्या दांड्यांना मुंग्या लागल्या होत्या आणि चिचेवर साय धरली होती. दुपारपर्यंत कासिल्दाने वाट पाहिली.

मग उठली, एप्रन बांधला, बादली आणली. घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा कोणाची पाळी येईल हा प्रश्न नव्हता. ताटं उचलली, चिचा मातीत ओतली, भांडी धुऊन पालथी घातली. काळं कापड अंगणात झटकून त्याची चौपदरी घडी केली. अजून एक वर्ष उरलं होतं. तीन पुरी करायची असतात.

कापड घेऊन ती रस्ता ओलांडून गेली. प्रिमितीवा मका निवडत होती.

"पुढच्या वर्षी मी नसले तर," कासिल्दा म्हणाली, "तिसरं तेवढं कोणीतरी मांडायला हवं."

प्रिमितीवाने तिच्या हातांकडे पाहिलं. बोटं पाण्याने सुरकुतलेली होती, नखांत मेण होतं.

"स्वतःच उचललंस?"

"हो."

प्रिमितीवाने कापडाला हात लावला नाही.  पुन्हा मक्यात बोटं घातली.

"ठेव तिथं बाकावर," ती म्हणाली.

कासिल्दाने ठेवलं आणि घरी आली.